साखर निघाली आहे. नागपुरात राहून रोजचं कसं जमवता?

फुटाळ्याचा_वारा
मंडळी, वय ४४. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी १७२, जेवणानंतर २६१, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा जेवणासोबत सुरू केली आणि हातात एक छापील कागद दिला. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी ब्राऊन राइस, संध्याकाळी सूप. ज्याने हा कागद छापला तो नागपुरात सकाळी नऊच्या आधी घराबाहेर पडलेला दिसत नाही.

माझा दिवस असा: बर्डीला ऑफिस. पोहोचल्याबरोबर आमची चौकडी तर्री पोह्याच्या गाडीवर. दुपारी डबा, त्यात पोळ्या, भात, वरण. चारला गोड चहा. रात्री जेवायला साडेनऊ होतात आणि दहाला डोळे मिटतात. अधूनमधून शनिवारी सावजी. घरी आई, बायको, दोन मुलं. आई म्हणते साखर बंद, गूळ सुरू. सासरे म्हणतात कारल्याचा रस. शेजारी म्हणतात गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून घेऊच नको.

गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारीन. मला रोजचं हवंय. पोहे, संत्री, पाहुण्यांचा आग्रह, मे महिन्यातलं ऊन. तुम्ही काय सोडलं, काय नाही सोडलं, आणि कशाचा उगाच बाऊ केला?

वऱ्हाडी_ठेचा
या भाऊ, क्लबात स्वागत आहे. वर्गणी काही नाही, फक्त बोट टोचा लागते.

सीमा_धरमपेठ
मला होऊन वीसेक वर्षं झाली. शाळेत शिकवत होते तेव्हापासून.

पहिली गोष्ट, ग्लुकोमीटर घ्या. आणि उठलं की उपाशीपोटी मोजलं, संपलं, असं करू नका. त्याने ताटाबद्दल काही कळत नाही. एका जेवणाला दोनदा मोजायचं: पहिल्या घासाच्या आधी, आणि त्या पहिल्या घासापासून दोन तासांनी. आज नाश्ता, उद्या दुपारचं, परवा रात्रीचं. पट्ट्या महाग असतात, म्हणून फिरवून मोजायचं. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८०च्या आत असं उद्दिष्ट धरतात. तुमचं नेमकं तुमचे डॉक्टर सांगतील.

असं मोजल्यावर मला कळलं की ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं यांनी माझी जेवढी वाढते तेवढी एका पोळीने वाढत नाही. सगळे म्हणत होते भाकर खा, भाकर खा. भाकर चांगलीच, पण दुसरी भाकर फुकट नसते. तुमचं ताट वेगळं बोलेल. ते आधी ऐका, मग आमचं ऐका.

दुसरं, खाण्याचा क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, पोळी-भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, तरी आकडा खाली येतो. फोडणीचं वरण वाटीने पिऊन टाकायचं आधी. सुनेला पहिल्यांदा विचित्र वाटलं.

खवय्या_इतवारी
पोहे सोडायचे नाहीत. पोहे सोडले तर सकाळी ऑफिसला जायचंच कशाला. माझे वडील ८१ वर्षांचे, साखर आहे, अजून रोज तर्री पोहे.

लॅबवाली
खवय्या, वडिलांना दीर्घायुष्य लाभो, पण पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळच. वरून तर्री ओतली म्हणून त्याचा तांदूळपणा जात नाही. नागपूरच्या पोह्यात वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे चणे. गाडीवाल्याला सांगायचं: पोहे अर्धे, चणे दुप्पट, शेव नको. तो तोंड वाकडं करतो, पण देतो. आणि खाऊन लगेच खुर्चीत बसायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं पायी. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. बर्डीत दहा मिनिटं चालायला जागा मिळाली तर.

वऱ्हाडी_ठेचा
बर्डीत चालायची जागा? अधिवेशनाच्या टायमाले? लॅबवाली बाई, तुमी नागपुरातच राहता नं जी?

निवृत्त_मास्तर
नवीन सदस्याला माझा अनुभवाचा सल्ला. सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांचं चूर्ण. माझी साखर १९० वरून १३० वर आली. गोळ्यांची शरीराला सवय लागते. शक्यतो टाळाव्यात.

औषधवाला_प्रतापनगर
मास्तर, मान ठेवून सांगतो. तुम्ही तेव्हा रोज सकाळी अंबाझरीला चालायलाही सुरुवात केली होती, हे तुम्हीच दुसऱ्या एका चर्चेत लिहिलं होतं. श्रेय एकट्या कारल्याला का?

मेथीदाणे खा, त्यात तंतू आहेत, काही बिघडत नाही. कारलं भाजी म्हणून उत्तम. पण "सवय लागते" हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकतो आणि रोज चिडतो. मेटफॉर्मिनची कोणाला तलफ येत नाही. गोळी वाढते कारण आजार पुढे सरकतो, गोळी आजाराला पुढे सरकवत नाही. रस सुरू केला म्हणून गोळी बंद करणारे लोक चार-सहा महिन्यांनी येतात तेव्हा चिठ्ठी दुप्पट लांब झालेली असते.

वाऱ्यासाठी कामाच्या गोष्टी. सुरुवातीला पोट बिघडेल, गॅस, जुलाब. बहुतेकांना काही आठवड्यांत बसतं. पोटभर जेवणासोबत घ्या. तरी नाहीच जमलं तर हळूहळू सुटणारा प्रकार मिळतो, डॉक्टरांना विचारा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. काही वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासा. जनऔषधी केंद्रात हीच गोळी बरीच स्वस्त मिळते. आणि गूळ: आईंना सांगा, त्यातही बहुतेक साखरच आहे. रंग तेवढा वेगळा.

निवृत्त_मास्तर
चालणं होतं हे खरं. पण कारल्यावरचा माझा विश्वास ढळलेला नाही. नोंद घ्यावी.

हिंजवडीकर
मूळचा नागपूरचा, आता पुण्यात. एवढं मोजमाप कशाला? पोळी, भात, पोहे पूर्ण बंद, सहा महिन्यांत मधुमेह उलटतो. युट्युबवर शेकडो लोकांनी करून दाखवलंय.

लॅबवाली
"उलटतो" हे अर्धंच बरोबर आहे, आणि अर्धी गोष्ट धोक्याची असते. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आले. ज्यांना टाइप २ होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झाला होता, इन्सुलिन चालू नव्हतं आणि वजन जास्त होतं, अशांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर देखरेखीखाली ठेवलं. वर्षानंतर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मर्यादेत होती. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. म्हणजे जमतं, आणि वजन किती उतरलं त्यावर जमतं, पण सगळ्यांना नाही आणि कायमचं नाही. वजन परत आलं की साखर परत. त्याला 'बरा झाला' न म्हणता 'रेमिशन' म्हणतात ते त्यासाठीच.

ते सगळं डॉक्टर, आहारतज्ज्ञ, गोळ्यांची फेरआखणी यांच्यासह झालं होतं. युट्युब बघून गोळी तीच ठेवून पोळी-भात बंद केला आणि गोळी साखर पाडणारी असली तर काय होतं ते खाली कोणीतरी सांगेलच.

मिहानची_रात्रपाळी
सांगतो. मला मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड आहे, म्हणजे तीच साखर पाडणारी गोळी. शिफ्ट रात्रीची. एकदा गोळी वेळेवर घेतली आणि कॉल लांबला म्हणून जेवण राहिलं. परत येताना वर्धा रोडवर घाम फुटला, हात कापायला लागले, समोरच्या गाडीचे दिवे दोन-दोन दिसायला लागले. गाडी बाजूला लावली, डिकीतली ग्लुकोजची पुडी तोंडात ओतली. तेव्हा मोजलं तर ५८.

७०च्या खाली गेली की थांबायचं, साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा पेढा नाही, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही, त्यामुळे वाऱ्या, तू घाबरू नकोस. पण तुझ्या चिठ्ठीत पुढे कधी दुसरं नाव आलं तर हे लक्षात ठेव. आणि सोबतच्या एका तरी माणसाला सांगून ठेव. माझा पार्टनर त्याआधी समजायचा मला झोप येतेय.

फुटाळ्याचा_वारा
सगळ्यांचे आभार, विशेषतः चण्यांबद्दल. मीटर घेतलं. आज संध्याकाळी मात्र भलतंच झालं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी १६४ होती, खूश होतो. साडेसहाला सहज बघितलं तर २९२! मध्ये बिनसाखरेचा चहा सोडून काही नाही. दुसऱ्या बोटावर टोचलं, २८०. बायकोने रिक्षा बोलवायला फोन हातात घेतलाय. मीटर बदलून घेऊ का?

लॅबवाली
मीटर राहू द्या. टोचण्याआधी हातांनी काय करत होतात?

फुटाळ्याचा_वारा
काही नाही. कॉटन मार्केटमधून संत्री आणली होती, मुलांना सोलून देत होतो. मी एक फोडही खाल्ली नाही, शपथ.

लॅबवाली
बोटांनी खाल्ली. सालीचा आणि फोडींचा रस कातडीवर राहतो, रक्ताचा थेंब त्यात मिसळतो, पट्टी ते सगळं रक्तातलंच समजते. नुसतं सॅनिटायझर चोळूनही तो रस पूर्ण जात नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या टोकाच्या कडेला टोचा, मधोमध नाही. आत्ता पुन्हा बघा.

फुटाळ्याचा_वारा
१३९. रिक्षा रद्द.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरचा माणूस संत्रं न खाता बी संत्र्यानं मरते राजेहो. जीआय टॅग उगाच नाही भेटला २०१४ मध्ये.

सीमा_धरमपेठ
हसू आलं, पण संत्र्याचा बाऊ करू नका हे यातूनच सांगते. अख्खं संत्रं, एक, मधल्या वेळेला, रेषांसकट खा. रस नको. रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा टोपलीत. आंबिया बहार चालू आहे, मृग बहार फेब्रुवारीत येईल, संपूर्ण हंगाम बघत बसू नका. आंबा मात्र मी मोजून खाते, दोन फोडी. जेवणाच्या शेवटी रसाची वाटी नाही. अक्षय तृतीयेला सगळे रसात पोळी बुडवत असतात तेव्हा जड जातं. खोटं कशाला बोलू.

ज्योत्स्ना_महाल
आतापर्यंत सगळं वाचलं. मी पेशंट नाही, पेशंटची बायको आहे, म्हणून थोडं वेगळं.

कागद नवऱ्याला मिळाला, बदल माझ्या ओट्यावर झाले. ह्यांना वेगळी भाजी, सासूबाईंना गोड वरण, मुलांना बटाटा. पहिल्या महिन्यात मी तीन स्वयंपाक करत होते आणि त्यावर "यात मीठ कमी आहे का?" ऐकत होते. मग मी थांबले. एकच स्वयंपाक, सगळ्यांना. भात सगळ्यांचा कमी, उसळ सगळ्यांना जास्त, तेल मोजून, जवसाची चटणी टेबलावर. ज्याला गोड हवं त्याने स्वतः उठून डब्यातून घ्यायचं. मुलांनाही काही झालं नाही, उलट सासूबाईंचं पोट सुधारलं.

आणि मोजणी ह्यांची ह्यांनी करायची, वहीत ह्यांनीच लिहायची. मी पहारेकरी नाही. "तुम्ही बर्फी खाल्लीत ना?" हे वाक्य घरात बंद केलंय, कारण त्यानंतर माणूस बर्फी सोडत नाही, फक्त लपवतो. वाऱ्या भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये बायको फक्त रिक्षा बोलवायला आली आहे. तिला विचारा, स्वयंपाकाचं काय ठरवायचं.

फुटाळ्याचा_वारा
वहिनी, काल रात्री तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "यांना जेवायला बोलव." मग आम्ही बसून आठवड्याचं ठरवलं. भाजी आणणं आणि निवडणं आता माझ्याकडे. रात्रीचं जेवण साडेआठला, त्यासाठी ऑफिसमधून निघायची वेळ मला बदलावी लागणार आहे, तिला नाही.

मुलीची_आई
या चर्चेत एक विनंती. माझी मुलगी ११ वर्षांची, तिला टाइप १ आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. तिने ना पोहे जास्त खाल्ले, ना संत्रा बर्फी. तरी प्रत्येक हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणतं, "लहानपणी गोड जास्त दिलं असेल." कृपया हे बोलू नका. तिच्यासमोर तर नाहीच. आणि तिला रस नको, मेथी नको, इन्सुलिनच हवं. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला ते दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं जगत नव्हती. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो तो ते शोधणाऱ्या बँटिंगच्या वाढदिवशी.

उन्हाळ्याचं विचारलंत म्हणून. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं वापरायचं नाही. चालू पेन बहुतेक प्रकारांत चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण ती खोली ३० अंशांच्या आतली. नागपुरात मे महिन्यात ४५ असताना तशी खोली कुठून आणायची? आम्ही मातीच्या दोन भांड्यांचं करतो: मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान भांडं, वर ओलं फडकं. वीज गेली तरी आतली हवा बाहेरपेक्षा बरीच गार राहते. शाळेत जाताना गार पिशवी. गाडीत तर दहा मिनिटंही ठेवायचं नाही. तुमच्या मीटरच्या पट्ट्याही उन्हात गाडीत ठेवू नका, डबीचं झाकण लगेच घट्ट लावा.

मिहानची_रात्रपाळी
ताई, मुलीला शाबासकी. वाळूची युक्ती पाठ केली.

खवय्या_इतवारी
उन्हाचा विषय निघालाच आहे तर माझ्या मामांचं सांगतो. चैत्रात एका देवळात दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातली. फरशी तापलेली. त्यांना पायाला काही जाणवलंच नाही, कारण साखरेने तळव्यांची जाणीव गेली होती आणि हे त्यांनाच माहीत नव्हतं. घरी आले तर दोन्ही तळव्यांना फोड. एक जखम पावसाळ्यापर्यंत चालली. तेव्हापासून आमच्याकडे दर्शन सकाळी सहाला, आणि पायमोजे घालून. रोज रात्री तळवे बघायचे, दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. मी पोह्यांवर चेष्टा करतो, पायांवर नाही.

औषधवाला_प्रतापनगर
खवय्याने मुद्द्याचं लिहिलं. वाऱ्या, निदान आत्ता झालं म्हणजे साखर आत्ता सुरू झाली असं नाही. टाइप २ कित्येक वर्षं गुपचूप असू शकतो. म्हणून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, बाहुली मोठी करून, आत्ताच करून घ्या, नंतर दरवर्षी. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, चरबीचे आकडे, रक्तदाब हेही. दातही.

निवृत्त_मास्तर
विम्याचा नवा अर्ज भरत असाल तर मधुमेह लपवू नका. दाव्याच्या वेळी तेच पहिलं शोधतात.

वऱ्हाडी_ठेचा
आता आग्रहाचं कोणी बोलाच नाही. महालक्ष्म्यांले आमच्या मोठ्या वहिनीकडं जेवाले गेलो. म्हटलं, वहिनी, शुगर आहे. त्या म्हणे, "असू द्या नं भाऊजी, देवीचा प्रसाद आहे, त्यानं काही होत नाही." पुरणपोळी, वरून तुपाची धार, मंग दुसरी पोळी. माया आकडा काय आला ते मी इथं लिहित नाही, मास्तर कारल्याचा रस घेऊन घरी येतीन.

सीमा_धरमपेठ
महालक्ष्म्यांच्या ताटात सोळा भाज्या असतात, ठेचा. सोळा! तिथेच पोट भरायचं. पुरणपोळी चतकोर, तीही पहिल्यांदा ताटात घेऊन ठेवायची म्हणजे कोणी दुसरी वाढत नाही. रिकाम्या ताटावर आग्रह होतो, भरलेल्यावर नाही. आणि "शुगर आहे" असं न सांगता "डॉक्टरांनी सांगितलंय" असं सांगावं. आपल्याकडे आजाराशी लोक वाद घालतात, डॉक्टरशी कमी. संक्रांत येतेय, तिळगूळ हातात घ्या, गोड बोला, अर्धा नातवाला द्या.

उपवासाचं राहिलं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मी भगर, दही, दाणे असं करते, तेही थोडं. गोळी साखर पाडणारी असेल तर कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

हिंजवडीकर
बिनसाखरेची संत्रा बर्फी चालते का? दिवाळीला तिकडून तीच मागवली होती.

ज्योत्स्ना_महाल
खवा तर आहेच ना त्यात. "बिनसाखरेची आहे" म्हणून आमच्याकडे एक माणूस एका बैठकीत चार खातो.

फुटाळ्याचा_वारा
मी सध्या एवढं ठरवलंय. पोहे आठवड्यातून दोनदा, लॅबवालींच्या मापाने, मोजले, चालतंय. बाकी दिवस घरून मूग किंवा अंडी. चहा बिनसाखरेचा, तो अजून औषधासारखा लागतो. रात्री जेवून कॉलनीत फेऱ्या, मोठा मुलगा येतो सोबत, त्याचा मोबाईल तेवढा वेळ घरी राहतो. सावजीचं विचारायचं राहिलं.

खवय्या_इतवारी
सावजीत साखरेचा प्रश्न मटणाचा नाही, सोबतच्या पोळ्यांचा आणि भाताचा. आणि वरच्या तेलाचा, तो हृदयाचा प्रश्न. तर्री वाटीत बाजूला काढ, मटण खा, भाकर एक. जाणं कमी कर, बंद करू नकोस. शनिवारी मी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
बिल मास्तर देतीन.

काटोल_रोड
वाचत होतो, नवीन आहे. माझंही उद्या रक्त द्यायचंय. एचबीए१सीला उपाशी जायचं का? आणि आमच्या घरात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, मला वाहक सांगितलंय. त्याने काही फरक पडतो का?

लॅबवाली
नुसत्या एचबीए१सीला उपाशी राहायची गरज नाही. सोबत उपाशीपोटीची साखर असेल तर रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास फक्त पाणी.

सिकलसेलचं विचारलंत हे फार चांगलं केलंत, विदर्भात हे प्रत्येकाने सांगायला हवं. ही चाचणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, आणि पेशी साधारण तीन-चार महिने जगते असं धरते. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मोडतात, मग आकडा खोटाच कमी दिसू शकतो. वाहकांमध्ये काही यंत्रांवर निकाल चुकू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा खोटा वाढतो. उद्या रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. गरज वाटली तर ते फ्रुक्टोसामाइन (लाल पेशींवर अवलंबून नसलेली चाचणी) करतील किंवा उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी तपासणी करून ठरवतील. आकडे आले की इथे टाका.